गळ्यावरचा भार

स्मरणिकेसाठी यंदा संगीत नाटकाविषयी काहीतरी लिहा, असे संपादक-भगिनींनी सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की या विषयावर लिहावयाचे आता राहिले आहे तरी काय? पदांवर लिहून झाले, रागांवर लिहून झाले, नटांच्या शालूंवर आणि अत्तरांवरही पुष्कळ लिहून झाले. पण हे सारे ज्या एका चिमूटभर अवयवावर उभे होते त्या गळ्याची वास्तपुस्त मात्र फारशी कोणी केलेली दिसत नाही. गाणे गोड होते एवढे आपण सांगतो. ते रात्री दहाला गोड होते आणि पहाटे तीनलाही गोड राहावे म्हणून गाणाऱ्याने काय सोसले, हे विचारावयाचे राहून जाते. शाळेत तीस वर्षे मुलींना गाणे शिकविल्यामुळे असेल, मला ही दुसरी बाजू अधिक जवळची वाटते. म्हणून हा लेख गाण्याचा नव्हे, गळ्याचा आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. पुढे १८८२ साली 'सौभद्र' आले. आजच्या प्रेक्षकांना नाटकात दहाबारा पदे म्हणजे पुष्कळ वाटतात. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत, आणि 'शाकुंतला'त तर त्याहूनही जास्त. यांतील काही लहान आहेत, काही साकी-दिंडीच्या चालीवर दोन ओळींत उरकणारी आहेत हे खरे. पण त्यांच्या मध्ये गद्य आहे, रुसणे आहे, रडणे आहे. आणि रडून झाल्यावर लगेच सूर लावावयाचा म्हणजे काय, हे ज्यांनी लग्नघरी मुलीची पाठवणी करून त्याच घशाने मंगलाष्टक म्हटले आहे त्यांनाच विचारावे. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. कापडी मांडव असो की पत्र्याचे थिएटर, शेवटच्या बाकावरच्या चार आणेवाल्यालाही पद ऐकू गेले पाहिजे, नाहीतर तो गप्प बसत नसे. त्यात 'वन्समोअर'! एकच पद दोनदा, तीनदा. प्रेक्षकांचे प्रेम ते, पण त्याचे ओझे वाहावयाचे कोणी?

किर्लोस्कर मंडळीत १८८२ च्या सुमारास बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. त्यांचा आवाज उंच, निकोप आणि दूर जाणारा होता, आणि तेव्हापासून आपल्या रंगभूमीवर उंच पट्टीचा एक दंडकच पडला असे म्हणतात. पुढच्या काळात भाऊराव स्त्रीभूमिका सोडून पुरुष-भूमिकांकडे वळले. १८९९ च्या 'शारदे'त ते कोदंड झाले. १९०१ च्या फेब्रुवारीत ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस होते. त्यांच्या मृत्यूचा संबंध मी गाण्याशी जोडीत नाही, तसे म्हणावयास आधार नाही. पण त्यांच्या मागून आलेल्या प्रत्येक नटाला लोकांनी भाऊरावांच्या उंचीनेच मोजले, आणि ज्याचा गळा त्या उंचीचा नव्हता त्यालाही तेथवर चढावे लागले, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

येथे थोडे थांबून गळ्यात काय घडते ते सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. आपल्या कंठात, बाहेरून हाताला लागणाऱ्या त्या उंचवट्याच्या आत, दोन लहान मऊ पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. पण ती सतारीची तार नव्हे, ओठांसारख्या त्या दोन घड्या आहेत. फुप्फुसातून येणाऱ्या वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून नाद उत्पन्न होतो. बायकांच्या साध्या बोलण्यात हे आपटणे सेकंदाला सुमारे दोनशे वेळा होते, पुरुषांच्या त्याहून पुष्कळ कमी. आपण बायका पेटीवर काळी चारचा षड्ज धरून गात असलो, तर तार षड्जाला तेच आपटणे सेकंदाला चारशे पंधराच्या घरात जाते. एक मिनिटभर त्या सुराच्या आसपास रेंगाळले म्हणजे जवळजवळ पंचवीस हजार आघात! जात्याच्या खुंट्याने आपल्या आजीच्या तळहाताला घट्टे पडत, तसेच घट्टे या पडद्यांवरही पडतात. मग त्या दोन घड्या नीट मिटत नाहीत, फटीतून वारा निसटतो आणि आवाज घोगरा, दमट, फाटका येतो. कधी एखाद्या जोराच्या ताणाने आतली बारीक रक्तवाहिनीच फुटते आणि आवाज एका क्षणात बसतो. मौज अशी की जिवंत माणसाचे हे पडदे आरशातून हालताना प्रथम नीट पाहिले आणि जगाला सांगितले ते कोणा डॉक्टराने नव्हे, तर मान्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाने, १८५४-५५ साली, आणि तेही स्वतःच्याच घशात! हे वाचले तेव्हा आमच्या व्यवसायाबद्दलचा माझा अभिमान थोडा वाढला.

आता पुन्हा नाटक मंडळीकडे. तेथे स्त्रीपार्टासाठी मुलगे घेत. आठ-दहा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा मिळाला की मंडळीचे भाग्य उजळे. पण चौदा-पंधराच्या सुमारास निसर्ग आपले काम करी आणि आवाज फुटे. त्या वयात स्वरयंत्र भराभर वाढते, पडदे लांब व जाड होतात आणि कालपर्यंत हुकमी असलेला सूर आज कोठे जाईल याचा नेम राहात नाही. या दिवसांत गळ्याला जपावे, हळू बोलावे, उंच गाऊ नये. परंतु मंडळीचा मुक्काम ठरलेला, जाहिराती लागलेल्या, शंभर माणसांचा शिधा रोज शिजावयाचा. तेथे एका पोराच्या गळ्यासाठी कोण थांबणार?

भास्करबुवा बखल्यांची कथा या बाबतीत मला नेहमी आठवते. पुढे जे 'स्वयंवरा'च्या चालींनी अमर झाले आणि ज्यांना बालगंधर्वांनी गुरू मानले, ते बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. गोड आवाजामुळे त्यांचे कौतुक होई. मग आवाज फुटला आणि त्याबरोबर मंडळीतले स्थानही गेले. त्यांनी बडोद्याची वाट धरली, फैज महंमदखाँ यांच्याकडे नव्याने मेहनत केली आणि फुटलेल्या गळ्यातून दुसरा गळा घडविला. त्यांच्याजवळ ती जिद्द होती आणि त्यांना गुरूही भेटले. ज्यांना असे कोणी भेटले नाही अशी किती मुले वाढपी, पडदा ओढणारी, नाहीतर घरी परतलेली झाली असतील? त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

केशवराव भोसले लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत 'शारदा' गाजवीत होते. १९०८ साली त्यांनी हुबळीस ललितकलादर्श काढली आणि पुढे पुरुष-भूमिकांतही तोच पल्लेदार, चढा सूर ठेवला. याच्या अगदी उलट रीत नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची. ते १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. मंडळीत येण्याच्या सुमारास त्यांचा एक कान बिघडला होता आणि शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यावर उपचार करविले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. गळा हा शेवटी कानाचा चाकर आहे. स्वतःचा सूर स्वतःला नीट ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडू लागतो. महाराजांनी कान वाचविला आणि त्याबरोबर गळाही वाचविला, असे मी माझ्या मुलींना सांगत असे.

बालगंधर्वांनी गळ्यावर जोर केला नाही. त्यांच्या सुरात लाडिकपणा होता, ओघ होता, आणि त्यांच्या भोवती साथ अशी होती की तिने सूर अलगद उचलून धरावा. पायपेटीचा भरदार ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवाँचा तबला. या साथीची श्रीमंती लोकांना दिसे, आणि तिच्यामुळे मंडळी कर्जात कशी गेली हेही सांगितले जाते. पण त्या साथीने गाणाऱ्याला मधूनमधून श्वास घेऊ दिला, सूर सोडला तरी पोकळी पडू दिली नाही, हा तिचा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. तरीही रात्रभराचे नाटक ते रात्रभराचेच. आणि मनावरचा भार वेगळाच. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. भामिनी गायली, हसली, रुसली. लोक याला कलानिष्ठा म्हणतात. घरात पत्नी त्या वेळी कशी बसली असेल याचाही कोणी विचार केला असेल का, असे मला प्रत्येक वेळी वाटते. असो.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. एक गळा वाहणारा, एक गळा झेपावणारा, आणि प्रेक्षकांत दोन तट. त्या रात्री दोघांनीही गळ्याचे काय राखून ठेवले असेल? तीन महिने गेले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस.

यानंतर जे घडले ते आपणा स्त्रियांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह स्वतःची नाटक संस्था काढून संगीत नाटके केली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. १९४९ साली जयराम आणि जयमालाबाई शिलेदारांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि जुनी संगीत नाटके गावोगाव जिवंत ठेवली. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यात एक अडचण होती आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. जोवर सुभद्राही पुरुष आणि अर्जुनही पुरुष होता, तोवर दोघांच्या पट्टीत फार अंतर पडत नसे. पेटीवाल्याने एक षड्ज धरला की रात्र निभावे. स्त्री सुभद्रा झाली आणि ही सोय मोडली. पुरुषाला काळी एक किंवा दोन सोयीची, स्त्रीला काळी चार किंवा पाच. एकाच प्रवेशात दोघांनी गावयाचे म्हटले की कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते. काळी एकमध्ये गाणाऱ्या स्त्रीला खालचा सूर सापडत नाही आणि वरचा षड्ज साडेपाचशेच्या वर आघात मागतो. आता जागा सोडण्याची वेळ आली की ती कोणी सोडावयाची हे आपल्या घरात काय आणि रंगभूमीवर काय, बहुधा आधीच ठरलेले असते!

शिवाय स्त्रीच्या शरीराचे ऋतू निराळे. महिन्याच्या अडचणीच्या आधीच्या दिवसांत कित्येकींच्या स्वरतंतूंना किंचित सूज येते, आवाज जड होतो, वरचे सूर दाद देत नाहीत. गरोदरपणात पोट वाढले की श्वास अपुरा पडतो. उतारवयात आवाज खाली सरकतो. ही सारी शरीरशास्त्रातील गोष्ट आहे. आळस नव्हे, नखरा तर नव्हेच. तमाशाच्या फडात पोटुशी असतानाही नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांच्या हकिकती आपण ऐकतो. विठाबाई नारायणगावकरांनी फडाच्या रात्रीच बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवल्याची गोष्ट तर महाराष्ट्रभर सांगितली जाते. टाळ्या वाजविणाऱ्यांनी ती गोष्ट अभिमानाने सांगावी हे मला कधी रुचले नाही.

तमाशाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगराकडे, येते. संगीत नाटकाची राजधानी पुणे-मुंबईकडे असेल. गळ्याने रात्र जागविणाऱ्या कलेत मात्र आमचे संगमनेर कोणाला हार जाणारे नाही. अनंत फंदी (१७४४-१८१९) येथलेच. ते आधी तमाशात रमले होते आणि चोंडीच्या कन्या अहिल्याबाई होळकर यांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळले, असे सांगतात. त्यानंतर शंभरएक वर्षांनी याच तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. तोपर्यंत तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करी. बोर्डावर स्वतः उभी राहून गाणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईचे नाव घेतात. ती अस्पृश्य मानलेल्या समाजातली आणि बापूराव ब्राह्मण घरातले, या गोष्टीची चर्चा लोकांनी पुष्कळ केली. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, मुंबईच्या थिएटरांतल्या गर्दीपुढे, ढोलकी आणि हलगीच्या कडकडाटावरून आपले शब्द पलीकडे पोचविणारा तो गळा काय ताकदीचा असेल, याची चर्चा कोणी केली नाही.

आम्हा मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना तमाशा पाहण्याची बंदी होती. पाहिला कधी नाही, ऐकला मात्र. जत्रेच्या रात्री प्रवरेच्या पलीकडून वाऱ्यावर झीलकऱ्यांची ती लांबवलेली साद येई आणि आजी उठून खिडकी लावून घेई. पुढे गाणे शिकले तेव्हा त्या सादेतले शहाणपण ध्यानात आले. मुख्य गाणारी ओळ म्हणते, तिचे शेवटचे टोक मागे उभे असलेले सुरते आणि झीलकरी उचलतात, वर चढवितात, धरून ठेवतात. तेवढ्या अवधीत पुढची गाणारी श्वास घेते, आवंढा गिळते, पदर सारखा करते. गण-गवळण झाली की बतावणी येते. सोंगाड्या लोकांना हसवतो आणि गळा विसावा घेतो. मग रंगबाजी, मग वग. ज्यांनी ही रचना बांधली त्यांनी वैद्यकाचे पुस्तक उघडले नव्हते. पण एका गळ्यावर रात्र निघत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पदामागून पद एकाच्याच तोंडी घालणाऱ्या नाटककारांना हे उमगले नाही, की उमगूनही लोकांच्या हौसेपुढे त्यांचे चालले नाही, कोण जाणे.

संगमनेरलाच स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर (१९३९-२०२१) या फडातल्या आणखी एका मोठ्या कलावती. तुकाराम खेडकरांबरोबर त्यांनी फड गाजविला, पुढे स्वतःचा फड उभा केला, आणि वगनाट्यांत चक्क पुरुष-भूमिका केल्या. शिवाजी महाराजांची त्यांची भूमिका विशेष नावाजली गेली. एकेकाळी पुरुष शालू नेसून सुभद्रा होत. येथे एक स्त्री जिरेटोप घालून महाराज झाली! पण गळ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे काम गाण्याहून अवघड. गाण्यात सूर तरी गळ्याला वाट दाखवितो. आवेशाची भाषणे खालच्या, भारदस्त पट्टीत ओढून म्हणावयाची, तीही उघड्या मैदानात, म्हणजे स्त्रीच्या स्वरतंतूंना उलट पीळ देणे. गाणाऱ्यांचे गळे गाण्यापेक्षा आरोळ्यांनीच अधिक बिघडतात, हे नाटकवाल्यांनाही ठाऊक आहे. कांताबाईंना शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, संगमनेर येथेच त्यांचे निधन झाले.

ध्वनिक्षेपक आला म्हणजे हे हाल संपले असतील, असे कोणास वाटेल. अर्धे संपले. हळू गाऊनही शेवटच्या रांगेपर्यंत जाता येऊ लागले, हा मोठा लाभ. परंतु तोच ध्वनिक्षेपक वाद्यांनाही मिळाला. आता जत्रेच्या तंबूत ढोलकीच्या जोडीला जाझ-ड्रम, बेंजो आणि विजेचे कीबोर्ड असतात, कर्णे प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेले असतात, आणि गाणाऱ्या बाईला आपला आवाज सोडून बाकी सगळे ऐकू येते. १९११ साली, म्हणजे आपल्या 'मानापमाना'च्याच वर्षी, लोंबार नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने असे दाखवून दिले होते की कानाशी गोंगाट केला की माणूस स्वतःला नकळत आवाज चढवितो, आणि गोंगाट थांबला की आपोआप उतरवितो. पिठाच्या गिरणीत उभ्या राहून बोलणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहेच! जामखेडच्या कलाकेंद्रांतील संगीत बारीच्या बायकांचेही तेच. बैठकीची खोली लहान, पेटी-तबला जवळ, त्यात विडी-सिगारेटचा धूर. आणि शेवटचा शौकीन उठेपर्यंत गाणे संपत नाही.

बाहेरच्या देशांत संगीत नाटके काही कमी कष्टाची नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग हा नेम आहे. पण तेथे मुख्य भूमिकेसाठी बदली नट तयार ठेवण्याची पद्धत आहे. १९७९ साली तेथे 'एविटा' हे नाटक आले तेव्हा नायिकेची भूमिका गळ्याला इतकी जड ठरली की आठवड्यातले दुपारचे दोन प्रयोग दुसऱ्या गायिकेनेच करावेत अशी व्यवस्था होती. 'फँटम ऑफ द ऑपेरा'तही नायिकेसाठी अशीच वाटणी असते. मुख्य नटीचा त्यात कोणी अपमान मानीत नाही. तरीही अपघात होतातच. 'साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळींनी पाहिला असेल. त्यातील ज्यूली अँड्रूज १९९५ पासून दोन वर्षे ब्रॉडवेवर 'व्हिक्टर-व्हिक्टोरिया' करीत होत्या. आवाज बिघडू लागला, १९९७ साली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, आणि तो जगप्रसिद्ध गाता गळा त्यानंतर परत आला नाही.

आपल्याकडे बदलीची रीत रुजली नाही याचे कारण मंडळीचा कंजूषपणा एवढेच नव्हे. आपण प्रेक्षक नाटकाला जात नव्हतो, नावाला जात होतो. बालगंधर्वांच्या जागी दुसरी भामिनी आली असती तर तिकिटाचे पैसे परत मागावयास आपणच पुढे झालो असतो. पुढे नाटके आखडली, पदे कमी झाली, हा गळ्यावर झालेला उपकारच. २४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' आले, त्यात पदे थोडी. पण वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेबांच्या भूमिकेत जी गायकी ओतली तिने थोडक्या पदांतही गळ्याची पुरी कसोटी पाहिली. जयमालाबाईंच्या कन्या कीर्ती शिलेदार लहानपणापासून रंगभूमीवर होत्या; २०१८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२२ साली त्या गेल्या. आयुष्यभर जुन्या नाटकांतली भरगच्च पदे गाऊनही सूर टिकविणारे असे गळे पाहिले की कळते, नुसत्या देणगीवर हे होत नाही. रियाज लागतो, श्वासाची शिस्त लागते, आणि आपली पट्टी सोडून दुसऱ्याच्या पट्टीवर न जाण्याचा हट्ट लागतो.

आता घरचीच गोष्ट सांगते. गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाने 'सौभद्रा'तील प्रवेश केले. आमची सुभद्रा दिवसा शाळेत साठ मुलांना शिकविणारी आणि संध्याकाळी तालमीला येणारी. पेटीच्या साथीला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी अर्जुनाच्या सोयीने पट्टी धरली आणि ती उतरविण्यास ते तयार झाले नाहीत. मोठमोठ्या बायका याच पट्टीत गायल्या आहेत, हे त्यांचे उत्तर. तालमीच्या शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज बसू लागला. प्रयोग पार पडला, वाहवा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घशातून शब्द फुटेना. पुढे तीन आठवडे ती वर्गात खडूने फळ्यावर लिहून शिकवीत होती. पगार बिनबोभाट मिळाला म्हणून बरे. ज्यांची मजुरी गळ्यावर आहे, भाजीची पाटी घेऊन दारोदार हाळी देणाऱ्या किंवा अंगणवाडीत दिवसभर पोरे सांभाळणाऱ्या आपल्या शेजारणी, त्यांचे तीन आठवडे कोणी भरून दिले असते?

त्या वेळी तिला प्रत्येकीने एकेक औषध सांगितले. ज्येष्ठमध, कंकोळ, खडीसाखर, हळद-दूध. यांनी घशाला बरे वाटते, कोरड कमी होते, एवढा त्यांचा गुण मान्य. परंतु आपण जे गिळतो ते अन्ननलिकेने जाते, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर बसलेले. तेव्हा काढा तेथे पोचतच नाही. वाफ मात्र पोचते. पाणी भरपूर प्यायले म्हणजे शरीरातून ओलावा मिळतो. खाकरण्याने पडदे एकमेकांवर जोरात घासतात, म्हणून खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. आणि कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. विश्रांती म्हणजे खरोखरीचे मौन. आवाज तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यावी, ती लांबवू नये. आमच्या सुभद्रेचा आवाज सुदैवाने मौनानेच परत आला.

यंदाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. सुभद्रा दोघी आहेत. पहिल्या प्रवेशांची एक, पुढच्या प्रवेशांची दुसरी, आणि दोघींनाही सर्व पदे पाठ करावयास सांगितले आहे. एकाच नाटकात दोन सुभद्रा पाहून लोक हसतील अशी शंका एकदोघींनी काढली. हसले तर हसोत. दोघींची साडी एकाच रंगाची घेतली आहे. पट्टी काळी चार ठरली असून अर्जुनाचे काम आपल्याच मंडळातील एका भगिनीकडे दिले आहे, म्हणजे तोही प्रश्न मिटला. पेटीला मी स्वतः बसणार आहे. दुसऱ्या अंकानंतर पंधरा मिनिटांचा अवकाश ठेवला आहे आणि पडद्यामागे पाण्याची घागर भरून ठेवण्याचे काम ज्यांनी मागून घेतले आहे, त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत नटांच्या खालोखाल छापली आहेत.